हनिमूनचं अंदाजपत्रक

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत लग्न ठरलं की एक वही निघते. हॉल, केटरर, गुरुजी, मेंदीवाली, रुखवत, मानाच्या साड्या, अक्षतांच्या पुड्या, सगळ्याचा हिशोब त्यात असतो. हनिमूनचं पान मात्र त्या वहीत नसतं. "ते मुलांचं मुलं बघतील" एवढ्या एका वाक्यात मोठी माणसं तो विषय मिटवतात. त्यांना बोलायला संकोच वाटतो आणि मुलांना वाटतं, एखादं छानसं पॅकेज घेतलं की झालं. आमच्या लग्नात हे पान आम्हा दोघांना लिहावं लागलं आणि ते लिहायला जवळजवळ पाच महिने लागले. त्यात बरंच काही कळलं, बेटाबद्दल कमी आणि एकमेकांबद्दल जास्त. आपल्या मंडळातल्या, लग्नाच्या रांगेत उभ्या असलेल्या भावंडांना त्यातलं काही उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते. नवरा पीथमपूरला एका औषध कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, आठवड्याला पाळी बदलते. आमचं लग्न बघून ठरलं. ऑक्टोबरात पोहे झाले, नोव्हेंबरात साखरपुडा, फेब्रुवारीत लग्न. मधल्या तीन महिन्यांत छप्पनवर किंवा राजवाड्याजवळ भेटायचो तेव्हा बोलणं व्हायचं ते शेरवानीचा रंग आणि फोटोग्राफर यांचं. हॉल बाबांनी ठरवला होता, मुहूर्त गुरुजींनी, जेवणाचा बेत काकांनी. आम्ही दोघांनी मिळून घ्यायचा पहिला निर्णय म्हणजे फिरायला कुठे जायचं, हा होता.

त्याच्या मोबाइलवर कॉलेजपासून एकच वॉलपेपर आहे, बोरा-बोरा. निळ्या पाण्यात खांबांवर उभी असलेली गवती छपरांची घरं आणि मागे काळा डोंगर. "एकदाच जायचं, मग तिथेच जाऊ," असं त्याचं म्हणणं. मी नकाशा काढून बसले. बोरा-बोरा पॅसिफिक महासागराच्या मध्यात, फ्रेंच पॉलिनेशियात आहे. इंदूरहून तिथे जायचं तर दोन-तीन विमानं बदलायची, व्हिसा आधीच काढून ठेवायचा आणि जाण्या-येण्यातच सुट्टीतले तीन दिवस घालवायचे. त्याला सुट्टी मिळणार होती नऊ दिवसांची. तिकिटांचा आकडा बघितल्यावर वॉलपेपर वॉलपेपरच राहिला.

मग मालदीव. आमच्या ओळखीतली निम्मी जोडपी तिथेच गेलेली. जवळ आहे, सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिथली पद्धत अशी की बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एक स्वतंत्र बेट. माले विमानतळावरून तिथपर्यंत जायला स्पीडबोट नाहीतर सीप्लेन, त्याचे पैसे वेगळे. एकदा पोचलात की जेवण, चहा, पाण्याची बाटली, सगळं त्याच बेटावर आणि त्याच दराने. बाहेर पडून कोपऱ्यावरच्या टपरीवर काही खाऊ म्हटलं तर कोपराही नाही आणि टपरीही नाही. इंदूरची मुलगी असं चार दिवस कसं काढणार? रात्री अकराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाणारी माणसं आम्ही.

मॉरिशस हे नाव आजीने सुचवलं, असं म्हटलं तर कोणाला खरं वाटणार नाही. आजीचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, संगमेश्वराजवळचं. आम्ही बेटांची नावं घेत होतो तेव्हा ती शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "मॉरिशसला आपली माणसं आहेत ना गं? कोकणातली गेलेली. तिथे का नाही जात?"

खरंच आहेत. मॉरिशस हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या बाजूला, मादागास्करच्याही पूर्वेला आहे. मुंबईहून सुमारे पावणेपाच हजार किलोमीटर, थेट विमानाने साडेसहा तासांच्या आसपास. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पोचल्यावर मिळतो आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. बेटाच्या भोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिथेच अडतात आणि आत किनाऱ्यापर्यंत उथळ, शांत पाणी राहतं. हा शेवटचा मुद्दा आमच्यासाठी फार महत्त्वाचा, कारण आम्हा दोघांनाही पोहता येत नव्हतं. आमचं पाणी म्हणजे महेश्वरच्या घाटावर पाय सोडून बसण्यापुरतं. म्हणून आम्ही एप्रिलमध्ये तरणतलावाचं महिन्याचं शुल्क भरलं. आता मी रुंदी पार करते, तो लांबी पार करतो आणि काठावर येऊन माझी वाट बघतो.

लग्नानंतर लगेच जावं, असं सगळ्यांचंच म्हणणं. पण तिथले ऋतू आपल्या उलटे. फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा आणि पाऊसही. नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च जास्त धोक्याचे. दरवर्षी वादळ येतंच असं नाही, पण आयुष्यातली एक सहल खोलीत खिडक्या बंद करून काढायची जोखीम कशाला? जुलै-ऑगस्ट हा तिथला हिवाळा. तेव्हा आग्नेयेकडून वारे जोरात वाहतात, म्हणून पूर्व किनाऱ्यावरची हॉटेलं सुंदर असूनही त्या दिवसांत वारा फार लागतो. पश्चिम आणि उत्तर किनारे मधल्या डोंगरांच्या आडोशाला. हे सगळं कागदावर मांडल्यावर मे महिन्याचा शेवट आणि पश्चिम किनारा असं उत्तर आपोआप निघालं. दिवसा चोवीस-पंचवीस अंश, पाणी अजून कोमट, आणि सूर्य पावणेसहाच्या सुमारास समुद्रातच मावळणार. इंदूरच्या मेमधून तिथे जायचं, या कल्पनेनेच गार वाटायला लागलं.

इथपर्यंत सगळं गोड चाललं होतं. मग पैशांचा विषय निघाला.

ओळखीतून एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. त्याने चकचकीत पुस्तिका पुढे ठेवली. सहा रात्री, समुद्राला लागून खोली, ऑल इन्क्लुजिव्ह, विमानतळावर फुलांचा हार, एक दिवस कॅटमरान, एक रात्र वाळूवर मेणबत्त्या लावून जेवण. दोघांचे ४,६२,०००. आमचे चेहरे बघून तो म्हणाला, "अरे भिया, एकदम कशाला देता? हप्ते पाडून देतो. आता फिरा, नंतर आरामात भरा." मला हसू आलं, कारण दिवसभर मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून हेच बघत असते. पण नवरा, म्हणजे तेव्हाचा होणारा नवरा, हसला नाही. तो म्हणाला, "चालेल, विचार करतो."

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच हिशोब केला. आपल्याकडे दीड लाख आहेत असं धरून उरलेल्या तीन लाखांचं कर्ज चौदा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता पडतो दहा हजार अडीचशेचा आणि तीन वर्षांत व्याज जातं ६९,००० रुपये. एका माणसाचं मॉरिशसचं येण्याजाण्याचं तिकीट काढूनही त्यातून पैसे उरतील. 'शून्य टक्के' म्हणतात तिथेही फी असते, नाहीतर रोख देणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही. मी हे त्याला सांगितलं. तो नुसता "हूं" म्हणाला आणि दोन दिवस फोनवरही तुटक बोलला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बँकेसमोर येऊन उभा राहिला. आम्ही छप्पनवर गेलो, पण त्याने काही मागवलं नाही. खिशातून बँकेचं स्टेटमेंट काढून टेबलावर ठेवलं. शैक्षणिक कर्ज, बाकी ५,८०,०००, हप्ता १४,५००. एम.टेक.साठी घेतलेलं. नियमित फेडत होता, पण दीड वर्षापूर्वी त्याच्या वडिलांची बायपास झाली तेव्हा वर्षभर हप्ते थांबवून घेतले आणि व्याज चढत गेलं. मला हे माहीत नव्हतं. बायपासचं माहीत होतं, कर्जाचं नाही. "बघायला आलो तेव्हा तुझ्या बाबांनी पगार विचारला, तो मी खरा सांगितला. कर्जाचं कोणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. तुमच्या घरासमोर मला कमी दिसायचं नव्हतं. म्हणून हप्त्यावर जाऊ म्हणत होतो."

राग आला का? आला. कर्जाचा नाही, लपवल्याचा. साखरपुड्याला महिना झाला होता, पत्रिका छापायला गेल्या होत्या. मी घरी आले, कोणाला काही बोलले नाही आणि रात्रभर जागी होते. माझ्या टेबलासमोर रोज अशी माणसं बसतात, ज्यांच्या बायकोला कर्ज माहीत नसतं आणि जामीनदार म्हणून सही मात्र तिची असते. त्यातली एक मला व्हायचं नव्हतं. दुसरीकडे हेही दिसत होतं की त्याने हा कागद लग्नानंतर दाखवला नाही, आधी दाखवला. आणि कर्ज कशावर झालं होतं? शिक्षणावर आणि वडिलांच्या छातीवर. चैनीवर नाही.

सकाळी मी माझं पासबुक आणि मुदतठेवीची पावती घेऊन त्याला भेटले. चार वर्षांच्या नोकरीत साठवलेले दोन लाख, शिवाय आईच्या बीसीत माझ्या नावाने टाकलेले पन्नास हजार. त्याच्याकडे हातात होते एक लाख तीस हजार. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, सहलीसाठी एक रुपयाही कर्ज नाही. दोन, खर्च अडीच लाखांच्या वर जाणार नाही आणि तो निम्मा-निम्मा. तीन, हे कर्ज दोन्ही घरी आपण स्वतः सांगायचं, लग्नाआधी. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड होती. तो आमच्या घरी आला, बाबांसमोर बसला आणि त्याने सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्याच्या वडिलांच्या तब्येतीची चौकशी केली आणि आईला चहा टाकायला सांगितलं. आमच्या घरात चहा टाका म्हटलं की विषय मिटला असं समजायचं.

पण बाबांचा एक हट्ट राहिला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर चेक धरला. "माझ्याकडून फिरायला. जावई कर्ज फेडतो आहे, त्याला कशाला खर्चात पाडायचं?" प्रेमानेच देत होते. पण तो चेक घेतला असता तर त्याने सगळ्यांसमोर सांगितलेल्या खरेपणाची किंमत आमच्या बाजूने चुकती केल्यासारखं झालं असतं. मी नाही म्हटलं. बाबा दुखावले, दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. मार्ग आईने काढला. सासरचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. लग्नानंतर जोडीने दर्शनाला जायचंच होतं. आई म्हणाली, "तुमचा चेक जेजुरीला लावा. दोन्ही घरं मिळून जाऊ." मार्चमध्ये एक मोठी गाडी करून आम्ही आठ जण गेलो. पायऱ्यांवर नवऱ्याने नवरीला उचलून घ्यायची तिथली रीत आहे. त्याने पाच पायऱ्यांपर्यंत निभावलं, सहाव्या पायरीला सासऱ्यांनीच "बस कर रे" म्हटलं. बायपास झालेला माणूस मधल्या टप्प्यावर सावलीत बसून भंडारा उधळत होता, ते बघून बाबांचा चेक योग्य जागी गेला असं मला वाटलं.

आता हनिमूनच्या वहीतलं पान जसंच्या तसं देते. भाव आम्हाला मिळालेले आहेत, तुमच्या वेळी बदलतील. विमान, मुंबई-मॉरिशस-मुंबई, दोघांचे ८२,०००. रिसॉर्ट चार रात्री, दर रात्री १९,५०० प्रमाणे ७८,०००. साधं गेस्टहाऊस तीन रात्री, १६,५००. अवंतिका एक्स्प्रेसची तिकिटं आणि मुंबईतल्या टॅक्सी, ९,०००. तिथली वाहनं आणि बोटीची एक फेरी, २८,०००. बाहेरचं जेवण आणि किरकोळ, २२,०००. प्रवासविमा, ३,५००. मोबाइलचं कार्ड, २,०००. एकूण २,४१,०००. नऊ हजार वर ठेवले आहेत, लागले तर लागले.

चार रात्री रिसॉर्ट आणि तीन रात्री गेस्टहाऊस ही वाटणी भांडून झाली. त्याला आरामच हवा होता. पाळीची नोकरी करणाऱ्या माणसाला 'कुठेही न जाणं' हीच सुट्टी वाटते, हे मला आता कळतं. मला गाव बघायचं होतं. म्हणून आधी चार दिवस त्याचे, मग तीन दिवस माझे. रिसॉर्टमध्ये आम्ही हाफ बोर्ड घेतलं आहे, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. ऑल इन्क्लुजिव्हमधला बराचसा पैसा दारूचा असतो. आम्ही दोघंही पीत नाही, मग दुसऱ्याच्या ग्लासाचे पैसे आपण का भरायचे? एक लक्षात ठेवा, हाफ बोर्डमध्ये जेवताना घेतलेल्या पाण्याचं किंवा सरबताचं बिल बहुतेक ठिकाणी वेगळं लागतं. बुकिंगच्या आधी हा एक प्रश्न मेलवर विचारून घ्या. आणि 'समुद्राच्या बाजूची खोली' आणि 'समुद्र दिसणारी खोली' यांत दर रात्री काही हजारांचा फरक असतो. दिवसभर आपण समुद्रातच असणार, म्हणून आम्ही बागेकडची घेतली.

विमान आणि हॉटेल आम्ही वेगवेगळं, स्वतः काढलं. ट्रॅव्हलवाल्याकडून हे सगळं एकत्र घेतलं की ते परदेशी सहलीचं पॅकेज ठरतं आणि त्यावर टीसीएस भरावा लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून मिळतो, बुडत नाही, पण तोवर पैसे अडकून राहतात. आमच्यासारख्या मोजून निघालेल्यांना तेही जड.

तिकीट काढताना आडनावाचा प्रश्न आला. तिकिटावर तेच नाव लागतं जे पासपोर्टवर आहे आणि माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे. सासूबाईंनी, आम्ही त्यांना अहोआई म्हणतो, छापलेलं तिकीट हातात घेऊन विचारलं, "यावर आपलं नाव नाही?" मी म्हटलं, "अहोआई, पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं नाही आणि मी बदलणारही नाहीये. लग्नात तांदळात त्याने माझंच नाव लिहिलं होतं ना, तसंच." त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माझं बदललं तेव्हा मला कोणी विचारलंच नव्हतं." तेवढंच. पण त्या दिवसापासून शेजारच्या काकूंना त्या माझी ओळख माझ्या पूर्ण नावाने करून देतात.

आडनावाचा हा धागा मला मॉरिशसबद्दल वाचताना पुन्हा सापडला. गुलामगिरी उठण्याच्या सुमारास तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. २ नोव्हेंबर १८३४ हा त्यांच्या आगमनाचा दिवस तिथे आजही सार्वजनिक सुट्टीचा असतो. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, दक्षिणेतलीही, आणि मुंबई बंदरातून गेलेल्या जहाजांत आपली रत्नागिरीकडची. पोर्ट लुईच्या धक्क्यावर जिथे त्यांची नोंद व्हायची ती जागा म्हणजे आप्रवासी घाट. २००६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. नोंद करणाऱ्या कारकुनाने बापाचं किंवा आजोबांचं पहिलं नाव लिहिलं आणि तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं, असं पुष्कळ घरांत झालं. गावाचं नाव, कुळाचं नाव कागदावर आलंच नाही. मला निदान निवड तरी होती.

आम्ही इंदूरची मराठी माणसंही बाहेर राहिलेलीच. पण आमचे पूर्वज होळकरांच्या राज्यात आले, हुद्द्यावर, वतनावर, देवळात, पाठशाळेत. भाषा टिकवायला आम्हाला राजवाडा होता. त्यांच्याकडे काय होतं? करार, ऊस आणि मुकादम. तरीही तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. शाळेत मराठी शिकवली जाते. कोकणातल्या जाखडीला ते झाकरी म्हणतात आणि अजून नाचतात. मोका इथल्या महाराष्ट्र भवनात २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. घरात बोलायची भाषा बहुतेकांची क्रिओल झाली आहे, हेही खरं. आपल्या मंडळाच्या गणपतीत मुलं हिंदीत सूत्रसंचालन करतात म्हणून आपण हळहळतो, तेव्हा मला आता त्या बेटाची आठवण होते.

हे सगळं सांगितल्यावर नवरा म्हणाला, "हनिमूनला मजुरांचा धक्का बघायला कोण जातं?" प्रश्न बरोबर होता. मी त्याला त्याच्याच रिसॉर्टचा फोटो दाखवला. मागे जो उभा कडा दिसतो तो ल मॉर्न. पळून आलेले गुलाम त्या डोंगरात लपून राहायचे. तोही जागतिक वारशात आहे, २००८ पासून. म्हणजे ज्याच्या सावलीत आपण आराम करणार तो डोंगरही नुसता देखावा नाहीच. तो फोटो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे, एक दिवस. पण दुपारी डाळपुरी खायची." ही तिथली रस्त्यावरची डाळपुरी म्हणजे चण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, वर वालासारख्या शेंगांच्या दाण्यांची आमटी आणि चटणी. गूळ न घातलेली पुरणपोळी म्हणा. गेस्टहाऊस आम्ही फ्लिक आँ फ्लाक गावात घेतलं आहे. तिथून मराठी वस्तीचं कॅस्कावेल अगदी जवळ, आणि पोर्ट लुईला जायला क्वात्र बोर्नपर्यंत बस आणि पुढे मेट्रो. टॅक्सीचे पैसे वाचतात.

आता तयारी. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिन्यांहून जास्त आहे, तपासलं. परतीचं तिकीट आणि राहण्याची बुकिंगं छापून ठेवली, पोचल्यावर विचारतात. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा आहे. औषधांबाबत तिथे कडक आहेत, काही वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, म्हणून माझ्या मायग्रेनच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. ओटीचा नारळ न्यायचा अहोआईंचा आग्रह होता. सुकं खोबरं विमानात हातातल्या किंवा दिलेल्या कुठल्याच सामानात चालत नाही आणि ताजी फळं परवान्याशिवाय तिथे नेता येत नाहीत. ओटी घरीच भरून निघू, असं ठरलं. प्रवाळ-शिंपले उचलून आणायचे नाहीत, हे शेजारच्या बच्चेकंपनीला आत्ताच सांगून टाकलं आहे, नाहीतर रुसवे होतील.

माझ्या लहान भावंडांना एकच सांगणं. बेट कुठलं, खोली कुठली, हे नंतर बघा. आधी दोघांनी आपापली पासबुकं आणि कर्जाचे कागद एकमेकांसमोर ठेवा, आणि लग्नाच्या आधी ठेवा. पोह्याच्या कार्यक्रमात पगार विचारायची पद्धत आहे, बाकी किती आहे ते विचारायची नाही. ती आपण पाडू शकतो. आमच्या घरात आता महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं वही घेऊन बसतो. कर्ज ५,४१,००० वर आलं आहे. मी त्यात माझ्या पगारातून दरमहा पाच हजार घालते. तो आधी नको म्हणाला, मग त्याने हिशोब करून बघितला आणि गप्प बसला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अवंतिकाने निघतो. एक दिवस डोंबिवलीला मामाकडे राहून दुसऱ्या दिवशी विमान. आजीला काय आणू विचारलं तर म्हणाली, "काही आणू नकोस. तिथली कोणी म्हातारी भेटली तर तिच्या तोंडून एखादी ओवी रेकॉर्ड करून आण. मला ऐकायची आहे, आमच्या संगमेश्वरासारखी म्हणतात का." मोबाइलमधली जागा मी आजच रिकामी करून ठेवली आहे.